शिट्टीची पेन्शन

माझ्या बायकोची पेन्शन मला मिळते. हे मी कुणालाही सरळ सांगतो. ऐकणारा बहुतेक वेळा मलाच सुधारायला जातो. "म्हणजे तुमची पेन्शन," असं म्हणतो, जणू म्हातारा बोलताना घसरला. मी घसरलेलो नाही. नोकरी तिने केली. बाटल्यांच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर, लग्नाआधीपासून ते निवृत्त होईपर्यंत. मी गाद्या भरायचो. फोमच्या गाद्या आल्या आणि माझा धंदा बसला, तेव्हापासून घर मी सांभाळलं. स्वयंपाक, धुणं, मुलाची शाळा, मुलाचा ताप, सगळं. तिची सकाळची पाळी असली की डबा मी भरायचो. रात्रपाळी असली की ती दिवसा झोपायची आणि मी मुलाला बाहेर घेऊन फिरायचो, घरात आवाज नको म्हणून.

कारखान्यात तिला शिट्टी म्हणायचे. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, मागून पांढरा उजेड असायचा आणि त्या उजेडात चीर, बुडबुडा, वाकडी मान दिसली की ती बाटली उचलून बाजूला टाकायची. कधी कधी खराब बाटल्यांची रांगच लागायची. तेव्हा पट्टा थांबवायला हवा. काचेच्या त्या खडखडाटात ओरडून कुणाला ऐकू जाणार? ती दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची. पार पलीकडच्या टोकाचा माणूस हात वर करायचा आणि पट्टा थांबायचा. घरीही तेच. मी गच्चीवर कपडे वाळत घालत असलो आणि खाली काही हवं असलं की शिट्टी. शेजारीण नाक मुरडायची. बायको म्हणायची, "मुरडू दे. तिचंच नाक आहे."

गेल्या वर्षी ती गेली. आजारपण लांबलं नाही. दवाखान्यातून एकदा घरी आली, पुन्हा न्यावं लागलं, तिथून आली नाही.

आमची गादी मीच भरलेली आहे, कापसाची. तिच्या बाजूला खळगा पडलाय. तो काढणं माझ्या हातचं काम आहे. शिवण उसवायची, कापूस मोकळा करायचा, परत भरून टाके घालायचे. मी केलेलं नाही. करणारही नाही. त्याबद्दल जास्त काही लिहायचं नाही.

पेन्शनचं मात्र लिहितो, कारण त्यावरून घरात वाजलं.

ती निवृत्त झाली तेव्हा कारखान्याच्या फंडाने तिला विचारलं होतं. पूर्ण पेन्शन स्वतःपुरती घेणार, की थोडी कमी घेऊन आपल्यामागे नवऱ्याला चालू ठेवणार? तिच्या टेबलावरच्या बाकीच्या बायकांनी पूर्ण घेतली. त्यांचे नवरे कमावते होते. हिने कमी घेतली आणि घरी येऊन मला सांगितलं.

मी म्हटलं, "वेडी आहेस का? मी आधी जाणार. तुझे पैसे फुकट जातील."

"जाऊन तर दाखवा," ती म्हणाली.

आता कारखाना विकला गेलाय. नव्या मालकाला जुना फंड गळ्यात नको आहे. त्याने सगळ्या पेन्शनवाल्यांना कळवलं की जुन्या फंडातले पैसे उचलून नव्या योजनेत टाका, जाणाऱ्याला वर थोडं जास्त देऊ. महिनाअखेरपर्यंत सही करायची. सही केली नाही तर जुनंच चालू राहणार. एवढा साधा मामला. पण माझ्या मुलाने तो हातात घेतला, आणि एका रविवारी नव्या योजनेच्या एका सल्लागाराला घेऊन तो घरी आला. सूनबाईही बरोबर होती.

सल्लागार म्हणजे तिशीचा पोरगा. इस्त्रीचा शर्ट, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवलेले. मला आवडला. जेवणाच्या टेबलावर त्याने आपलं ते पाटीसारखं यंत्र उभं केलं आणि हात जोडून म्हणाला, "काका, आधी तुमचं अभिनंदन. एकाच कारखान्यात उभं आयुष्य काढायचं म्हणजे खायचं काम नाही. आमच्या पिढीत कुणी टिकत नाही असं."

मी मुलाकडे पाहिलं. मुलगा चहाच्या कपात बघत होता, जणू त्यात मासा आहे.

"मी कारखान्यात नव्हतो," मी म्हटलं. "माझी बायको होती. मी घरी असायचो."

पोरगा गडबडला. यंत्रावर दोन-तीनदा बोट फिरवलं. "अच्छा. मला सरांनी… बरं, बरं. म्हणजे काका, तुम्ही आश्रित."

"कोण?"

"नाही म्हणजे, कागदावरचा शब्द आहे तो. सभासद त्या, आणि तुम्ही आश्रित."

सूनबाई साखर आणायला उठली. साखर टेबलावरच होती. मुलाचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं पकडलं की असेच व्हायचे.

पोरगा पुढे बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो. तो लबाड नव्हता, जे होतं ते नीट सांगत होता. जुन्या योजनेत मला दर महिन्याला ठरलेलं मिळत राहणार आणि माझ्यानंतर बंद. मुलाला काही नाही, नातीला काही नाही. नव्या योजनेत सगळी रक्कम माझ्या स्वतःच्या नावावर होणार. हवी तेव्हा, हवी तेवढी काढायची. उरेल ती मुलाला. "खरं सांगू का काका," तो म्हणाला, "जुनी योजना जोडप्यांसाठी बरी आहे. तुम्ही आता एकटे आहात. तुम्हाला तिचा फायदा काय?"

"विचार करतो," मी म्हटलं.

तो गेल्यावर मुलाने दार लावलं आणि तिथेच उभा राहिला.

"बाबा, त्याच्यासमोर ते सांगायची काय गरज होती?"

"काय सांगितलं मी?"

"हेच. घरी असायचो वगैरे."

"मग कुठे असायचो? चंद्रावर?"

"विषय तो नाहीये."

"तूच त्याला सांगितलंस ना, मी कारखान्यात होतो म्हणून?"

"मी काही सांगितलं नाही. त्याने धरून चाललं. मी फक्त…"

"तू फक्त चहा प्यायलास."

सूनबाई म्हणाली, "पुरे आता दोघांचं." कुणी ऐकलं नाही.

"हे बघा," मुलगा म्हणाला, "तुमच्याच भल्याचं सांगतोय. एकदा तुमच्या नावावर झालं की तुम्ही मालक. कुणाला काही सांगायला नको, कुठे जाऊन हजेरी लावायला नको. किती दिवस असं आईच्या जिवावर…"

तो थांबला.

"बोल ना," मी म्हटलं. "अर्धं कशाला ठेवतोस? पूर्ण कर."

त्याने किल्ली उचलली आणि निघून गेला. सूनबाई मागून गेली. जाता जाता मला म्हणाली, "बाबा, मनावर घेऊ नका. त्यांनी माझ्या बाबांनाही तसंच सांगितलंय." मग जीभ चावली. म्हणजे व्याह्यांकडे मी इतकी वर्षं कारखान्यातला निवृत्त माणूस म्हणून जेवून येत होतो, आणि मला पत्ताच नाही! व्याही मला एकदा विचारत होते, भट्टीजवळ फार गरम होत असेल ना? मला वाटलं, सहज चौकशी करतायत. मी म्हटलं, होतं बाबा, फार होतं. बायको सांगायची तेच मी सांगितलं.

हसू आलं आणि मग रागही आला. मी ठरवलं की कुणाचंच ऐकायचं नाही, आधी स्वतः जाऊन विचारायचं. तिमाहीची हजेरी जवळ आलीच होती.

ही हजेरी म्हणजे आमच्या फंडाची जुनी तऱ्हा आहे. पेन्शन घेणारा जिवंत आहे की नाही हे बघायला दुसऱ्या ठिकाणी दाखला मागतात. आमच्याकडे पुकारा होतो. कारखान्याच्या जुन्या फाटकाशी टाइम ऑफिसची खोली आहे, तिथे सगळ्यांना बाकावर बसवतात. फंडाचा पहिला कारकून हजेरी घेणारा माणूस होता, त्याला दुसरी पद्धत ठाऊकच नव्हती. कामगार वारला तरी तो नाव खोडायचा नाही. खाली बारीक अक्षरात बायकोचं नाव लिहायचा आणि पुकारायचा मात्र कामगारालाच. बायकोने "हजर" म्हणायचं. त्याच्या मागून आलेल्यांनी तेच चालू ठेवलं. नावं एकसारखी खूप, म्हणून विभाग आणि टोपणनाव. बाहेरच्या माणसाने ऐकलं तर घाबरून जाईल.

"पॅकिंग, पहिलवान!" कारकून ओरडतो, आणि चिपाडासारखी एक म्हातारी हात वर करून म्हणते, "हजर!"

मागे राहिलेल्यांचा बाक वेगळा, आणि त्या बाकावर मी एकटा पुरुष. तिच्या टेबलावरच्या इतर बायकांनी नवऱ्यांसाठी काही ठेवलं नव्हतं, म्हणून तपासणीतून आलेला मी एवढाच. पहिल्यांदा गेलो तेव्हा कारकुनाने "तपासणी, शिट्टी!" असं पुकारलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्याने पुन्हा पुकारलं. शेजारी बसलेल्या बाईने कोपर मारलं. "अहो भावजी, तुमची आली. बोला, नाहीतर मेलात म्हणून लिहील तो." मी "हजर" म्हटलं. आवाज असा निघाला की सगळा बाक माझ्याकडे वळला.

ही बाई म्हणजे भट्टीवहिनी. तिचा नवरा भट्टीवर होता, म्हणून मी तसं म्हणतो. त्या दिवसापासून ती माझ्यासाठी जागा धरून ठेवते.

या वेळी गेलो तर बाकावर मोकळी जागाच जागा. बरेच जण सही करून नव्या योजनेत गेले होते. वहिनी मला बघून म्हणाली, "या, कारखान्याचे जावईबापू. आज लोळा हवं तर."

"तुम्ही काय ठरवलं?" मी विचारलं.

"मी कालच सही करून आले. आज शेवटची हजेरी."

मला धक्का बसला. "का हो?"

"छप्पर बदलायचंय. रोख पाहिजे."

"मग यापुढे इथे कुणी त्यांना पुकारणार नाही."

"नाही पुकारलं तर काय झालं?" ती म्हणाली. "जिवंत होते तेव्हा दिवसभर तेच मला पुकारत होते. पाणी आण, टॉवेल कुठाय, चष्मा कुठाय. चष्मा नाकावर! आता कुणी पुकारत नाही, कान जरा सुखी आहेत माझे."

बाकावरच्या सगळ्या जणी हसल्या. मीही हसलो. ती काही चुकीचं बोलत नव्हती. मी मनात धरून चाललो होतो की पुकाऱ्यासाठी तरी आपण इथे राहावं. तिने ते एका फटक्यात मोडीत काढलं. तिचा नवरा, तिचं छप्पर, तिची सही.

"आणि तुमचं काय?" तिने विचारलं.

"मुलगा म्हणतो सही करा."

"मुलाचं कुणी विचारलं? मी तुमचं विचारतेय."

"माझं काही ठरत नाही. शिट्टी असती तर…"

"शिट्टी असती तर शिट्टीची पेन्शन शिट्टीनेच खाल्ली असती. तुम्हाला कोण विचारत होतं?"

पुन्हा सगळ्या हसल्या. हजेरी झाल्यावर मी काउंटरशी गेलो आणि कारकुनाला म्हटलं, "तुम्ही सांगा. जावं की राहावं?"

"मला सल्ला द्यायला मनाई आहे," तो म्हणाला.

"मग सल्ला देऊ नका. माहिती द्या."

त्याने पेनच्या टोपणाने कान खाजवला. "माणसं गेली की फंड बारीक होतो, हे खरं आहे. पुढे काही होणारच नाही असं मी छाती ठोकून सांगत नाही. पण आजवर एक महिना चुकलेला नाही. आणि नियम असा आहे की तुम्ही आहात तोवर द्यायचं. कितीही जगा."

"कितीही?"

"कितीही. तुमची जगायची तयारी पाहिजे."

घरी येताना बसमध्ये मी हेच घोळवत होतो. सल्लागार पोरग्याने खूप काही सांगितलं होतं, पण त्या सगळ्यात मी कधी मरतो ते सांगितलं नव्हतं. त्याने कुठेतरी धरलं असणारच. धरल्याशिवाय बेरीज जुळत नाही.

मुलाचा फोन आला. त्याने माफी मागितली नाही, मी मागायला लावली नाही. "शेवटच्या दिवशी त्याच्या ऑफिसात जाऊ," तो म्हणाला. "मी गाडी घेऊन येतो. सही नसली करायची तर नका करू, पण एकदा नीट ऐकून घ्या." हे त्याने बरं केलं. मी म्हटलं, ये.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. चहूकडून काच. काचेच्या पलीकडे लोक बोलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. माझ्या मनात आलं, हिला इथे बसवलं असतं तर हिने आधी काचा तपासल्या असत्या. सल्लागाराने मला खुर्ची ओढून दिली, पेन आणून ठेवलं, कागद माझ्याकडे फिरवला. सही जिथे करायची तिथे पिवळी चिकटपट्टी लावलेली होती.

"सही करायच्या आधी एक विचारू?" मी म्हटलं.

"विचारा ना, काका."

"तुमच्या या हिशोबात मी मरतो कधी?"

मुलगा म्हणाला, "बाबा!"

पोरग्याने मात्र प्रश्न टाळला नाही. यंत्र माझ्याकडे वळवलं. एक रेघ होती, वरून सुरू होऊन हळूहळू उतरत जाणारी. "हे तुमचे पैसे. दर महिन्याला आत्ताइतकेच काढलेत तर ते कमी होत जातात. साधारण इथपर्यंत पुरतात." त्याने बोट ठेवलं तिथे रेघ तळाला टेकली होती. खाली वय लिहिलेलं होतं. माझी आई त्या वयाला शेजारणीशी कडाकडा भांडत होती.

"आणि मी याच्या पुढे जगलो तर?"

"तशी शक्यता असते," तो म्हणाला. "मी नाही म्हणणार नाही. तो धोका यात आहे. त्याच्या बदल्यात रक्कम हातात राहते, मुलाला काही राहू शकतं. ज्याने त्याने ठरवायचं."

"ते कळलं. पण पैसे संपल्यावर मी काय खायचं?"

मुलगा म्हणाला, "मी आहे ना."

तो मनापासून म्हणाला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मुलगा वाईट आहे. तो वाईट नाही. मी त्याच्या दारात उभा राहिलो तर तो मला स्वतःच्या ताटातलं देईल, सूनबाईही देईल. मला ते ठाऊक आहे.

"तू आहेस," मी म्हटलं. "म्हणजे मग मी तुझा आश्रित."

"त्यात काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. पण मला आश्रितच व्हायचं असेल तर कुणाचा, ते मी ठरवणार. मी हिचा आहे. तिने जगताना मला पोसलं आणि मेल्यावरही पोसतेय, आणि मला त्याची लाज वाटत नाही. एक दिवसही वाटली नाही. तुला वाटते."

"मला लाज वाटत नाही."

"मग व्याह्यांना का सांगितलंस?"

तो काचेकडे तोंड करून बसला. सल्लागार पोरगा उठायला लागला, "मी पाणी घेऊन येतो," म्हणाला. मी म्हटलं, "बसा. तुमचंच ऑफिस आहे."

मग मुलगा बोलला. "शाळेत पालकसभा असायची. सगळ्यांच्या आया यायच्या. माझ्याकडून तुम्ही यायचात. हातात पिशवी, पिशवीतून भाजीची पानं बाहेर आलेली. आणि बाकीच्यांच्या आयांशी तुम्ही कपड्यांवरच्या डागांबद्दल बोलत बसायचात."

"मग? डाग जायचे त्याने."

"पोरं विचारायची, तुझे बाबा कामाला जात नाहीत का? मी सांगायचो, कारखान्यात आहेत."

"आणि तेव्हापासून तेच चालू आहे?"

"तेव्हापासून."

हे मला माहीत नव्हतं. त्या वयाचा तो, मधल्या सुट्टीत पोरांच्या घोळक्यात उभा राहून मला कारखान्यात पाठवतोय, हे डोळ्यांपुढे आलं. पण मी त्याला जवळ घेतलं नाही. तशी ती जागा नव्हती आणि मी रागात होतो.

"तेव्हा तू लहान होतास," मी म्हटलं. "लहान पोरगं सुटायला काहीही सांगतं. पण आता तुझे कानाजवळचे केस पांढरे झालेत. तुझी आई उभा जन्म कारखान्यात उभी राहिली, आणि तू तिला तिथून उठवून मला बसवलंस. तुझी लाज झाकायला तिची नोकरी काढून घेतलीस. मला सांग, तिचं काय चुकलं होतं?"

"आईचं काही चुकलं नव्हतं."

"मग?"

"मग काही नाही." त्याचा आवाज चढला. काचेपलीकडची एक बाई मान वर करून बघायला लागली. "काही नाही म्हटलं ना! तुम्हाला सही करायची नाही ना, नका करू. माझं काय जातंय? तुमचा हट्ट, तुमचा फंड. उद्या फंड बुडाला तर म्हणू नका कुणी सांगितलं नव्हतं."

"नाही म्हणणार."

"आणि मी घरी बसवून जेवायला घालीन तेव्हाही असंच भांडाल."

"घालशील तेव्हा बघू. मीठ बेताचं घाल म्हणजे झालं."

सल्लागार पोरग्याला हसू आलं, त्याने ते खोकल्यात घातलं. मी पेन उचललं, टोपण लावलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. "तुमचा वेळ घेतला," मी म्हटलं. "तुम्ही खरं ते सांगितलंत, म्हणून मला ठरवता आलं."

"तसं काही नाही काका." तो यंत्रावर टिपायला लागला. नव्या मालकाला कळवायचं म्हणून त्याला काहीतरी लिहावंच लागत होतं. माझ्याशी बोलायचं धाडस बहुधा त्याला होईना, म्हणून मुलाला विचारलं, "सर, मग काय टाकू? सभासदाने नकार दिला?"

मुलगा खुर्चीवरून उठला, खिसे चाचपले, गाडीची किल्ली काढली. मी मनाशी म्हटलं, बरंय, आता हो म्हणेल आणि चालायला लागेल. माझीही तयारी झाली होती की आपण पुन्हा तोंड उघडायचं.

"सभासद माझी आई होती," तो म्हणाला. जोरात म्हणाला, भांडण अजून चालू असल्यासारखा. "कारखान्यात ती होती. ती वारली. हे तिचे मिस्टर. यांनी नकार दिला. असं लिहा."

पोरग्याने तसं लिहिलं.

जिन्यावरून मुलगा माझ्या पुढे दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. मी माझ्या चालीने उतरलो. खाली गाडीपाशी तो दार उघडून उभा होता.

"मी बसने जातो," मी म्हटलं.

"बसा गुपचूप."

"रागावलायस?"

"हो."

"रागाव."

मी बसलो. सिग्नलला त्याने रेडिओ लावला, मी बंद केला, त्याने परत लावला. मग मी तो राहू दिला, कारण गाडी त्याची होती. त्याचा राग आज उतरणार नव्हता, उद्याही नाही, आणि व्याह्यांकडे आता काय सांगायचं हेही त्याच्या डोक्यात चाललं असणार. ते त्याचं त्याने निस्तरावं. मला बोलावलं तर मी जाईन, आणि भट्टीजवळ गरम होतं का असं विचारलं तर सांगेन की मला काय माहीत, मी डबे भरायचो.

घराशी गाडी थांबली. मी उतरायला दार उघडलं आणि त्याला म्हटलं, "आता शंभर वर्षं जगतो की नाही बघ. त्या फंडाला नाकी नऊ आणल्याशिवाय जात नाही मी."

तो हसला नाही. समोर बघत म्हणाला, "आधी मागून कुणी येतंय का बघून उतरा. मग जगा किती जगायचं ते."